'अंडरस्टँडिंग' आणि प्रज्ञा : एका शब्दाची उकल

वर्षावासात यवतमाळ जिल्ह्यातील विहारांतून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' (1957) या ग्रंथाच्या मराठी अनुवादाचे सामूहिक वाचन होते. चौथ्या खंडात धम्म आणि धर्म यांतील भेद सांगताना 'प्रज्ञा म्हणजे काय?' हा प्रश्न येतो आणि वाचक क्षणभर थांबून श्रोत्यांना सांगतो, 'प्रज्ञा म्हणजे ज्ञान.' पुष्कळ प्रवचनकारही असेच सांगतात. हा अर्थ आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी तेथे प्रज्ञेसाठी इंग्रजी शब्द योजला आहे तो 'अंडरस्टँडिंग'. 'नॉलेज' नव्हे, 'विज्डम'ही नव्हे. मे 1956 मधील बी.बी.सी.वरील भाषणात प्रज्ञा, करुणा व समता ही तत्त्वे सांगतानाही त्यांनी हाच शब्द वापरला आणि अंधश्रद्धा व अलौकिकवाद यांच्याविरुद्ध तो उभा केला. हा शब्द सहज लेखणीतून उतरलेला नाही. भिक्खू ञाणमोली यांचा 'विसुद्धिमग्गा'चा इंग्रजी अनुवाद त्याच 1956 साली कोलंबोहून प्रसिद्ध झाला. त्यातही 'पञ्ञा'साठी 'अंडरस्टँडिंग' हाच शब्द आहे.

'ज्ञान' म्हटल्याने काय बिघडते? ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात सद्धम्माचे विवेचन आहे. विद्या सर्वांना खुली असावी, पण केवळ विद्या पुरेशी नाही, तिच्यातून कोरडे पांडित्य निपजू शकते, म्हणून प्रज्ञा हवी, असा तेथे क्रम आहे. आणि प्रज्ञाही शील, करुणा व मैत्री यांच्यावाचून अपुरीच. प्रज्ञा म्हणजे ज्ञान असे म्हटले की विद्या व प्रज्ञा यांतील ही पायरीच नाहीशी होते. पदव्या मिळवून ताईत बांधणारा गृहस्थ मग प्रज्ञावान ठरतो!

बुद्धघोषांनी दिलेला दृष्टान्त येथे फार उपयोगी पडतो. सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडला आहे. अजाण बालकाला त्यांचे रंग व आकार तेवढे दिसतात. ही सञ्ञा. खेड्यातील माणसाला ती मोलाची आहेत हेही कळते. हे विञ्ञाण. सराफ मात्र नाणे पाहून, वाजवून, वास घेऊन, चाखून, हातात तोलून खरे कोणते, खोटे कोणते आणि कोणत्या गावी कोणत्या कारागिराने घडविले हेही सांगतो. ही पञ्ञा. बुद्धघोषांचा रोख अनित्य, दुःख व अनात्म यांच्या दर्शनाकडे आहे, बाबासाहेबांचा समाजात चालणाऱ्या खोट्या नाण्यांकडे. हा फरक झाकण्याचे कारण नाही. परंतु पारखून घेणे दोघांनाही अभिप्रेत आहे.

मग 'समज' किंवा 'समजूत' का म्हणू नये? 'समजणे' हे क्रियापद 'सं-बुध्' या धातूपासून आले आहे, म्हणजे 'सम्बुद्ध' या पदाचेच ते भावंड. पण दीर्घ वापराने त्याचे मोल उतरले. आपण लहान मुलाची समजूत घालतो, पोलीस समज देऊन सोडतात, आणि मांजर आडवे गेले की काम होत नाही यालाही 'लोकसमजूत'च म्हणतो. ज्या शब्दाने अंधश्रद्धेशी झुंजायचे, तोच शब्द मराठीत अंधश्रद्धेच्या घरी पाणी भरतो. घाटंजी तालुक्यातून 2012 साली बेपत्ता झालेल्या बालिकेच्या बळीचा खटला यवतमाळच्या न्यायालयात चालला, हे या जिल्ह्यातील वाचकाने विसरू नये. असल्या कृत्यांच्या मुळाशीही कोणती तरी 'समजूत'च असते. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कृत्याला शिक्षा करतो, नाणे पारखायला शिकवीत नाही.

आमच्या मते 'प्रज्ञा' हा शब्द मुळात आहे तसाच ठेवावा आणि सांगताना 'पारख असलेली जाण' असा खुलासा करावा. 'जाण' हा शब्द आपल्या आयाबहिणींच्या तोंडचा आहे, 'त्याला जाण आहे' असे म्हणताना त्या शाळेचे वर्ग मोजीत नाहीत. 'आकलन' हा शब्द चुकीचा नाही, फक्त पुस्तकी आहे. येत्या आषाढी पौर्णिमेपासून वाचनाला बसणाऱ्या वाचकांनी त्या ओळीवर थांबावे, 'ज्ञान' हा सोपा शब्द टाळावा, आणि श्रोत्यांपुढे सराफाची फळी मांडून पाहावी.