सामना आणि अर्धा कोयता

अक्षय तृतीयेला आमच्या मंदिरात उसाचा रस मिळतो. वर्षीतप करणाऱ्यांचं पारणं त्याच रसानं होतं, आणि बाकीच्या आम्हांला प्रसाद म्हणून पेलाभर. इंदूरच्या वैशाखातल्या उन्हात तो इतका गोड लागतो, की दुसरा पेला मागताना लाज वाटत नाही. या वर्षी त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या आठ-दहा जणींनी माझ्या घरी बसून ‘सामना’ पाहिला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, महाराष्ट्रातलं साखरेचं राजकारण, आपल्याला काय त्याचं?” मी म्हटलं, तुम्हांला नसेल, पण माझं माहेर कृष्णाकाठचं आहे. वडील कारखान्याचे सभासद होते. हा सिनेमा माझ्या अंगणातला आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट. निर्माते रामदास फुटाणे, लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. हिंदुराव हा साखर कारखान्याच्या जोरावर मोठा झालेला पुढारी, म्हणजे निळू फुले. त्याच्या गावात एक दारुडा, कधीकाळचा स्वातंत्र्यसैनिक मास्तर येऊन पडतो, तो डॉ. श्रीराम लागूंनी केलाय. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला सगळा पसारा दाखवतो. आणि मास्तर एकच गोष्ट विचारत राहतो, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं पुढं झालं तरी काय?

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि हिंदुराव मला नुसता दुष्ट वाटला होता. आता पन्नाशी ओलांडल्यावर तो तसा वाटत नाही, आणि हेच या सिनेमाचं मोठेपण आहे. निळूभाऊंचा हिंदुराव पाहुण्याला मनापासून जेवू घालतो. आपण गावाचं भलं केलं असं त्याला खरंच वाटतं, आणि ते सगळं खोटंही नाही.

हे भलं समजायला थोडं मागं जावं लागतं. आपल्या समाजात वालचंद हिराचंदांचं नाव घेतलं की माना ताठ होतात. सोलापूरच्या या जैन घरातल्या माणसानं जहाजं, विमानं, मोटारी यांची स्वप्नं पाहिली, तशीच साखरेचीही. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव १९३३ चं, आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्याच काळातलं. लहानपणी आपण सगळ्यांनी चघळलेल्या रावळगावच्या गोळ्या तिथल्याच. ओसाड माळावर ऊस उभा करणं सोपं नव्हतं. पण कारखाना मालकाचा, ऊस मालकाचा, आणि आसपासचा शेतकरी मजूर किंवा भाव पडला की रडणारा गूळवाला. मग नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ सोबत उभा राहिला, आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढं १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला आणि खासगी कारखान्यांचे मोठमोठे मळेही गेले.

हा बदल लहान नव्हता. माझ्या वडिलांनी कारखान्याच्या सभेत हात वर करून अध्यक्षाला प्रश्न विचारलेला मी ऐकलाय. घरी येऊन ते आईला रंगवून सांगायचे. सभासदाची साखर दिवाळीआधी घरी यायची, तिचं पोतं आई देवघराच्या खोलीत ठेवायची. माझं बी.ए. उसाच्या बिलावर झालं. म्हणून सहकाराला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्यांनी हे उभं केलं त्यांनी माणसं बदलली, आधी त्यांच्या मनातली भीती काढली. कर्ज बुडेल, सावकार चिडेल, शेजारी हसेल, या सगळ्या भीत्या. पुढारपण म्हणजे तेच ना?

मग माझी तक्रार कुठं आहे? सिनेमा असं सुचवतो, की बिघडलं ते एका माणसामुळं. सत्ता डोक्यात गेली, मारुती कांबळे त्याच्या आड आला. एका सच्च्या माणसानं प्रश्न लावून धरला की त्या माणसाला हिशेब द्यावा लागतो. दोन मोठ्या नटांची ही झुंज डोळ्यांचं पारणं फेडते, यात वाद नाही. पण झुंज दोन पुरुषांची आहे. बायका तिच्या कडेला. आणि हिंदुराव पायउतार झाला, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे काट्यावर उसाच्या गाड्या लागणारच. त्या गाड्या भरल्या कुणी, हे सिनेमा विचारत नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरातही कुणी विचारत नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या रानात टोळी यायची, बहुतेक बीडकडची. पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. नवरा ऊस तोडायचा, बायको मोळ्या बांधायची, डोक्यावरून वाहायची, तान्हं पोर बांधावर झोपलेलं असायचं. एकदा आईनं त्यातल्या एकीला ताक दिलं आणि नाव विचारलं. नाव सांगायच्या आधी ती म्हणाली, “आमचा एक कोयता हाय, बाई.” मला वाटलं, ती हातातल्या हत्याराबद्दल बोलतेय. पुष्कळ वर्षांनी कळलं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीला मिळते, मुकादम ती नवऱ्याच्या हातावर ठेवतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ताक पिऊन ती परत फडात गेली, आणि नाव राहिलंच.

आता यात कुठला हिंदुराव शोधायचा? इथं खलनायक नाही, रीत आहे. एक दिवस काम बुडलं की खाडा, खाड्याचा दंड उचलीतून वळता. मग महिन्याचे चार दिवस परवडायचे कसे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका तिशीतच गर्भाशय काढून टाकतात, अशा बातम्या आल्या तेव्हा राज्य सरकारनं २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक जणींची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा मी वाचला त्या दिवशी चहात साखर घालताना हात थांबला. मालकी बदलली, कायदे बदलले, उसाचे वाण बदलले. कोयत्याची मोजदाद तीच राहिली.

म्हणून ‘सामना’त जे कमी आहे, तेच मला सहकारमहर्षींच्या गौरवग्रंथांतही कमी दिसतं, आणि आपल्या समाजाच्या वालचंदप्रेमातही. सगळीकडं बदल म्हणजे मालक बदलणं. सिनेमा वाईट पुढारी दाखवतो, गौरवग्रंथ थोर पुढारी दाखवतात, पण दोघांची नजर खुर्चीवरच. आणि आपण? आपल्यात रसपरित्याग करून महिनोन्‌महिने गोड सोडणाऱ्या आहेत, त्यांना माझा नमस्कार. साखर हाडांच्या कोळशानं शुद्ध केलेली नाही ना, हेही आपण दुकानदाराला विचारतो. विचारलंच पाहिजे. पण ती तोडणाऱ्या बाईच्या शरीराचं काय झालं, हा अहिंसेचा प्रश्न आपल्याला सुचत नाही.

आता बदलाची नवी लाट आलीय. मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं, तोडणीची यंत्रं फडात उतरलीत आणि सरकार त्यांना अनुदान देतं. वाईट काही नाही, पाठीवरचं ओझं कमी झालं तर बरंच. पण यंत्र आलं की कोयता घरी बसणार, आणि अर्धा कोयता आधी. तिची उचल कुणाच्या नावावर फिटायची? तिला दुसरं काम कोण शिकवणार? हा विचार यंत्राच्या आधी करायचा असतो. आम्हा इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ज्या सर हुकुमचंदांचं कांच मंदिर आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो, त्यांच्याच नावाची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा मार्ग मोकळा झाला तो २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षं! घेणारे कितीतरी तोवर गेलेही.

पुढारपणाची माझी कसोटी आता साधी आहे. तिचं नाव हजेरीपत्रकावर आहे का? मजुरी तिच्या खात्यात जाते का? फडाजवळ संडास आणि दवाखान्याची सोय आहे का? आजारपणाच्या दिवसाला खाडा लागतो का? ज्या कारखान्याचा अध्यक्ष या चारही प्रश्नांना उत्तर देईल, त्याचा गौरवग्रंथ मी विकत घेऊन वाचीन.

आदिनाथ भगवान आहाराला निघाले तेव्हा लोकांनी काय काय पुढं केलं, ती कथा आपण दर वर्षी ऐकतो. हत्ती, घोडे, रत्नं, मुलीसुद्धा. देणारे सगळे श्रद्धेचे होते, पण समोरच्याला काय हवं ते कुणाला ठाऊक नव्हतं. महिने गेले. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांस राजाला ते उमगलं आणि त्यानं उसाचा रस दिला. साखरेच्या पट्ट्यात शाळा झाल्या, कॉलेजं झाली, पुतळे झाले. दिलं पुष्कळ. फडातल्या बाईला काय हवं, ते मात्र तिला विचारलं नाही.

‘सामना’ जरूर पाहा, मैत्रिणींनो. दोन नटांसाठी पाहा, तेंडुलकरांसाठी पाहा. संपल्यावर आमच्या वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुझ्या आईनं ताक दिलं, त्या बाईचं नाव काय होतं गं?” मला सांगता आलं नाही.