सात दांपत्ये आणि माशांची परीक्षा : बेने इस्राएलांच्या दोन आख्यायिका

अलिबागनजीक नवगाव येथे एक जहाज फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या; त्या सात दांपत्यांपासून बेने इस्राएल समाज वाढला, अशी परंपरा आहे. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात ती नमूद आहे. जहाज केव्हा व कोठून आले, याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु वाचलेली माणसे जोडप्यांनीच का मोजली गेली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

याच किनाऱ्यावरील चित्पावनांच्या आख्यायिकेत समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते परशुराम सजीव करतो. आकडा तोच, परंतु तेथे वंशाचे मूळ दैवी कृपेत आहे, येथे ते दांपत्यात आहे. हा सहजीवनाचा गौरव होय, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः त्या सात स्त्रियांचे कथेतील कार्य निराळेच आहे. त्या असल्यामुळे स्थानिक स्त्रीशी संबंध येण्याचे कारण उरत नाही. समाजात पुढे रूढ झालेला ‘गोरे’ व ‘काळे’ हा भेद याच दृष्टीचा परिणाम होय. परजातीय स्त्रीच्या संततीस ‘काळे’ म्हणत, व त्यांच्याशी ‘गोरे’ विवाहसंबंध करीत नसत.

दुसरी आख्यायिका डेव्हिड रहाबीची. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’ची ओळख पटविण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले असलेले तेवढे निवडले, आणि रहाबीची खात्री पटली. येथे पुरावा रक्ताचा नसून आचाराचा आहे, आणि तो स्त्रियांच्या हाती आहे. तथापि रहाबीने धर्मशिक्षण दिले ते तीन पुरुषांना. ज्ञान स्त्रियांचे, अधिकार पुरुषांचा, ही विसंगती कथेने न लपविता जपली आहे.

जमैकात १९३० च्या दशकात उदयास आलेल्या रास्ताफारी पंथानेही स्वतःस इस्राएलच्या कथेत ओळखले. तेथेही आहार व आचार हीच स्वत्वाची खूण. परंतु स्त्रीस आत्मबोध पुरुषाच्या द्वारे होतो, अशी त्या पंथातील जुनी धारणा होती. माशांच्या कथेत हा क्रम नेमका उलटा आहे.

या भेदाचे गांभीर्य १९६२ मध्ये प्रकट झाले. इस्राएलमधील धर्मपीठाने बेने इस्राएल वधूवरांच्या बाबतीत आई, आजी अशी मातृपरंपरा शक्य तितकी मागे तपासण्याचा आदेश दिला. प्रेम जुळले असूनही विवाह अडले. प्रखर विरोधानंतर १९६४ मध्ये तेथील संसदेने या समाजाच्या पूर्ण समानतेचा निर्वाळा दिला, व आदेशातून त्याचे नाव वगळण्यात आले. ‘काळ्यां’ना जी कसोटी लावली गेली होती, तीच येथे ‘गोऱ्यां’नाही लागू झाली.

सात दांपत्यांची कथा समाजाला वंश देते; परंतु वंशाचा पुरावा मागणारा नेहमी कोणी दुसराच असतो. माशांची निवड मात्र त्या स्त्रियांनी कोणास विचारून केली नव्हती. आत्मज्ञानाचा आधार म्हणून दुसरी आख्यायिका अधिक भक्कम ठरते, ती यामुळेच.