कुरुंदकर, नरहर अंबादास

(१५ जुलै १९३२–१० फेब्रुवारी १९८२). मराठी समीक्षक, विचारवंत व प्राचीन भारतीय समाजाचे चिकित्सक भाष्यकार. जन्म नांदापूर (सध्याचा हिंगोली जिल्हा) येथे. शिक्षण वसमत व हैदराबाद येथे. नांदेड येथे प्रारंभी शालेय शिक्षक. पुढे पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक व प्राचार्य. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे व्याख्यानप्रसंगी त्यांचे आकस्मिक निधन झाले.

मागोवा (१९६७), जागर (१९६९), शिवरात्र (१९७०), धार आणि काठ (१९७१) व पायवाट (१९७४) हे त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ होत. मनुस्मृती व महाभारत यांवरील त्यांचे लेखन मुख्यतः मरणोत्तर ग्रंथरूप झाले. इतिहास हा त्यांच्या अध्यापनाचा विषय नव्हता. लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) यांनी फार्सी साधने मराठीत आणून इतिहासाच्या सामग्रीत भर घातली. कुरुंदकरांचे कार्य निराळे आहे. त्यांनी नवी साधने शोधली नाहीत. परिचित ग्रंथांना नवे प्रश्न विचारले.

मनुस्मृतीच्या विवेचनात ही पद्धती विशेषत्वाने दिसते. स्त्रियांचा गौरव करणारी मोजकी वचने पुढे करून स्मृतीचे समर्थन करण्याचा प्रघात त्यांनी अमान्य केला. ग्रंथाची समग्र रचना विषमतेला धर्माचे अधिष्ठान देते, हे त्यांनी दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी झालेल्या मनुस्मृतिदहनाचे त्यांनी समर्थन केले. मात्र दहन योग्य मानूनही ग्रंथाचे वाचन त्यांनी टाळले नाही. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेनुसार वारसा, विवाह इ. बाबतींत हिंदूंना शास्त्राधारे न्याय देण्याचे ठरले व १७९४ मध्ये विल्यम जोन्सचा मनुस्मृतीचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यामुळे या ग्रंथाची चिकित्सा हा केवळ पुराणवस्तूंचा अभ्यास ठरत नाही.

विधिग्रंथावरून समाज कितपत कळतो, हा प्रश्न प्राचीन रोमच्या अभ्यासकांपुढेही आहे. तेथील द्वादशफलक (इ. स. पू. सु. ४५०) केवळ उत्तरकालीन लेखकांच्या अवतरणांतून ज्ञात आहेत. मनुस्मृतीची संहिता उपलब्ध असली, तरी तिच्या आज्ञा प्रत्यक्षात कितपत पाळल्या जात, हे तिच्यावरून ठरत नाही. नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीने वर्णसंकर थांबविल्याची प्रशंसा आहे; तर त्याच घराण्यातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची कन्या होती, असे कान्हेरीच्या लेखावरून दिसते. अशा कोरीव पुराव्याची सलग मांडणी कुरुंदकरांनी केली नाही. त्यांचे बरेचसे विवेचन व्याख्यानांच्या घाटाचे आहे. त्यात तळटीपा क्वचित आढळतात आणि युक्तिवादाचा ओघ प्रसंगी पुराव्याच्या पुढे जातो.

ही उणीव लहान नव्हे. तथापि परंपरेचा अभिमान आणि तिचा तिटकारा या दोन्ही भूमिका मूळ ग्रंथ न वाचताच घेतल्या जात असताना, त्यांनी सामान्य वाचकाला संहितेसमोर बसविले. साहित्यसमीक्षकाची अर्थनिर्णयाची शिस्त त्यांनी धर्मग्रंथांना लावली. त्यांचे निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात. परंतु ते तपासण्याची सवय वाचकाला त्यांच्याच लेखनाने लावली, हे त्यांचे मुख्य योगदान होय.