पिंडाराची विजयगीते : स्तुतीचे व्याकरण आणि पराभूताचे स्थान

प्राचीन ऑलिंपिक क्रीडांच्या वैभवकाळात निर्माण झालेले आणि संपूर्ण रूपात आपल्या हाती आलेले सर्वांत मोठे काव्यधन म्हणजे पिंडार ह्या ग्रीक कवीची विजयगीते होत. इ. स. पू. ५१८ च्या सुमारास थीब्झच्या परिसरात जन्मलेल्या ह्या कवीची पंचेचाळीस गीते उपलब्ध आहेत. ऑलिंपिया, डेल्फी, नेमिया व इस्थ्मस ह्या चार क्रीडोत्सवांच्या नावांनी ती चार संग्रहांत विभागलेली असून त्यांपैकी चौदा गीते ऑलिंपियाच्या संग्रहात आहेत. काव्याचा विषय क्रीडाविजय, आश्रयदाता विजयी मल्ल अथवा त्याचे कुटुंब, आणि प्रसंग विजयोत्सवाचा. असे असता ही गीते वाचू लागणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. कारण जिच्यासाठी गीत रचले ती क्रीडाच गीतात दिसत नाही. कुस्तीचे गीत आहे, पण डाव नाही. धावण्याचे गीत आहे, पण धाव नाही. मल्लाचे नाव येते न येते तोच कवी देवांच्या व पूर्वजांच्या कथेत शिरतो, मध्येच एखादे नीतिवचन उच्चारतो, आणि पुन्हा मल्लाकडे वळून गीत संपवितो. ही विसंगती केवळ वरवरची आहे काय, आणि तिच्या मुळाशी काही नियम असल्यास तो कोणता, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना हा प्रश्न तीव्रतेने जाणवला होता. ऑगस्ट ब्योक ह्याने १८११ ते १८२१ ह्या काळात पिंडाराची जी आवृत्ती सिद्ध केली, तिने गीतांची छंदोरचना प्रथमच भक्कम पायावर उभी केली. परंतु अर्थाच्या बाजूने प्रत्येक गीताला बांधून ठेवणारी एखादी मध्यवर्ती कल्पना शोधण्याचा जो परिपाठ पुढे पडला, त्यातून समाधानकारक निष्कर्ष निघाला नाही. कोणी ती कल्पना मल्लाच्या चरित्रात शोधली, कोणी तत्कालीन राजकारणात, तर कोणी कवीच्या मनोवृत्तीत. एल्रॉय बंडी ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६२ मध्ये ‘स्टुडिया पिंडारिका’ हा लहानसा प्रबंध प्रसिद्ध करून ह्या शोधाची दिशाच बदलली. बंडीचे म्हणणे थोडक्यात असे : विजयगीत हा स्तुतीचा प्रकार आहे, त्याला रूढ संकेतांची स्वतंत्र भाषा आहे, आणि गीतातील प्रत्येक अवयवाचे प्रथम प्रयोजन स्तुती हेच आहे. कवी विषय सोडून भटकतो असे जेथे वाटते, तेथेही तो संकेतानुसार स्तुतीच करीत असतो.

बंडीचा हा विचार मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. संकेतांचे व्याकरण आहे असे म्हटल्यावर त्या व्याकरणातील मूळ वाक्य कोणते, हे सांगावे लागते. माझ्या मते ते वाक्य कवीचे नव्हे. ते क्रीडांगणावरील भालदाराचे आहे. स्पर्धा संपताच भालदार विजेत्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव, त्याचे नगर आणि क्रीडेचा प्रकार पुकारीत असे. ही चार पदे म्हणजे विजयाची अधिकृत शब्दरूप मुद्रा. पिंडाराचे गीत म्हणजे ह्या चार पदांच्या वाक्याचा विस्तार होय, असे गृहीत धरले की गीतांतील बरीचशी ‘विषयांतरे’ आपापल्या जागी बसतात.

उदाहरणादाखल चौदावे ऑलिंपिक गीत घ्यावे. ऑर्खोमेनॉसच्या अ‍ॅसोपिखॉस नावाच्या मुलाने बालगटातील धावण्याची शर्यत जिंकली, त्यानिमित्त रचलेले हे लहानसे गीत आहे. त्याचा आरंभ नगराच्या अधिष्ठात्री असलेल्या लावण्यदेवतांच्या स्तवनाने होतो; हा ‘नगर’ ह्या पदाचा विस्तार. अखेरीस कवी प्रतिध्वनीला विनवितो की, तिने मृत्युलोकीच्या राणीच्या गृही जाऊन मुलाच्या दिवंगत पित्याला ही वार्ता सांगावी. भालदाराने पित्याचे नाव पुकारले, पण ते ऐकावयास पिता नव्हता. कवीने ती पुकार त्याच्यापर्यंत पोचविली. ‘पित्याचे नाव’ हे कोरडे पद येथे काव्याचा गाभा झाले आहे. बाराव्या गीतात विस्तार ‘नगर’ ह्या पदाचा आहे. लांब पल्ल्याचा धावपटू एर्गोटेलीस हा मूळचा क्रीटमधील क्नॉसॉसचा; यादवीमुळे त्याला जन्मभूमी सोडावी लागली व तो सिसिलीतील हिमेरा येथे स्थायिक झाला. भालदाराच्या वाक्यात नगराच्या जागी हिमेराचे नाव आले असणार, क्नॉसॉसचे नव्हे. नेमक्या ह्या बदललेल्या पदावर कवी आपले गीत उभारतो. दैवाची गती मनुष्याला कळत नाही. घरीच राहिला असता तर हा वीर अंगणात झुंजणाऱ्या कोंबड्याप्रमाणे अप्रसिद्ध राहिला असता, असे तो सुचवितो. ऱ्होड्झचा मुष्टियोद्धा डायागोरस ह्याच्या इ. स. पू. ४६४ मधील विजयाचे सातवे गीत तर बहुतांशी ऱ्होड्झ बेटाचीच कथा आहे. सूर्यदेव वाटणीच्या वेळी गैरहजर राहिला आणि समुद्रातून वर येणारे हे बेट त्याच्या वाट्याला आले, अशी चुकीतून वर निष्पन्न होणाऱ्या कथांची मालिका तीत आहे. हे गीत लिंडॉस येथील अथीनीच्या मंदिरात सुवर्णाक्षरांनी लिहिले गेले, अशी प्राचीन टीकाकारांची परंपरा आहे. नगराला ते आपलेच गीत वाटले, ह्यात म्हणूनच नवल नाही.

ह्या उपपत्तीचा सर्वांत बोलका पुरावा दहाव्या गीतात मिळतो. तेथे हेराक्लीसने ऑलिंपियाच्या क्रीडा स्थापन केल्याची कथा असून पहिल्या विजेत्यांची यादी दिली आहे : धावण्यात ओइओनॉस, कुस्तीत एखेमॉस, मुष्टियुद्धात डोरिक्लॉस, रथस्पर्धेत सामॉस इत्यादी. पुराणकाळातील ही यादीही कवी क्रीडाप्रकार, नाव, पिता अथवा नगर ह्याच साच्यात देतो. थाळीफेकीपाशी मात्र तो क्षणभर थांबतो व सोबत्यांचा जयघोष आणि चांदण्यातील संध्याकाळ दाखवितो. चार पदांपैकी ‘क्रीडाप्रकार’ ह्या पदाचा विस्तार पिंडार सहसा करीत नाही. जेथे करतो तेथे तो एखाद्या ओळीपुरता असतो. क्रीडा लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली असे. कवीला सांगावयाचे होते ते डोळ्यांना न दिसणारे, म्हणजे हा विजय कोणाचा, हे होते.

येथे शब्दांच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरेल. कीर्तीसाठी ग्रीक काव्यात येणारा ‘क्लेओस’ हा शब्द आणि आपला वैदिक ‘श्रवस्’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. दोन्हींच्या मुळाशी ऐकण्याचा धातू आहे. अक्षय कीर्ती ह्या अर्थाचे समांतर शब्दप्रयोग होमर व ऋग्वेद ह्या दोहोंत आढळतात, हे अडालबेर्ट कून ह्याने १८५३ मध्येच दाखविले होते. कीर्ती म्हणजे जे ऐकू येते ते. ह्या दृष्टीने भालदाराची पुकार हीच कीर्तीचा आरंभ आणि गीत हे तिचे दीर्घीकरण ठरते. पाचव्या नेमियन गीतात पिंडार आपण मूर्तिकार नसल्याचे बजावतो, ते ह्याच जाणिवेतून. पुतळा चौथऱ्यावर उभा राहतो, गीत मात्र मिळेल त्या गलबतातून गावोगाव जाते. कवी व आश्रयदाता ह्यांचा संबंधही असाच जुना आहे. ऋग्वेदातील दानस्तुती ज्या परंपरेची साक्ष देतात, तिचीच ही दूरची शाखा. दहाव्या गीताच्या आरंभी कवी गीताला सरळ ऋण म्हणतो, ते फेडण्यास विलंब झाल्याचे मान्य करतो आणि व्याजासह फेडण्याचे आश्वासन देतो. मल्लाने श्रम आणि धन वेचले आहे, म्हणून समाजाने स्तुतीच्या रूपाने त्याची परतफेड करावी, हा ह्या काव्यामागील न्याय आहे.

ह्या न्यायाला मर्यादा आहेत, आणि समीक्षकाने त्या झाकू नयेत. पहिली मर्यादा अश्वस्पर्धांच्या गीतांत दिसते. घोड्यांच्या व रथांच्या शर्यतीत मुकुट मालकाला मिळे, स्वाराला नव्हे. इ. स. पू. ४७६ मध्ये सिराक्यूसचा सत्ताधीश हिएरॉन ह्याच्या घोड्याने शर्यत जिंकली. पहिल्या ऑलिंपिक गीतात घोड्याचे नाव फेरेनिकॉस म्हणून गौरवाने येते, त्याच्या पाठीवरील स्वाराचे मात्र येत नाही. भालदाराच्या वाक्यात ज्याला पद नाही त्याला गीतातही पद नाही. अपवाद आहेत. किरीनीच्या राजासाठी रचलेल्या पाचव्या पिथियन गीतात चाळीस सारथी कोसळत असता रथ सुखरूप आणणाऱ्या कारोटॉसची मनापासून प्रशंसा आहे. पण कारोटॉस राजाचा मेहुणा होता, हे विसरता येत नाही. व्यवस्थेविरुद्ध प्राचीन काळीही आवाज उठला होता. मल्लांच्या बळापेक्षा आपले शहाणपण नगराला अधिक उपकारक आहे, असे झेनोफनीसने पिंडाराच्या आधीच म्हटले होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, ती पराभूताची. ऑलिंपियात दुसरा क्रमांक नव्हता. एकाचे नाव पुकारले जाई, बाकीचे निनावी परतत. आठव्या ऑलिंपिक गीतात अल्किमेडॉन ह्या मुलाने कुस्तीत चार प्रतिस्पर्ध्यांना हरविल्याचे सांगताना कवी त्या चौघांच्या वाट्याला आलेले तिरस्कृत पुनरागमन, अवमानाची बोली आणि चोरवाटा ह्यांचा उल्लेख करतो. इ. स. पू. ४४६ मधील आठव्या पिथियन गीतात हेच चित्र अधिक विस्ताराने येते : हरलेली मुले आईपाशी येतात तेव्हा हसू फुटत नाही, आणि ती शत्रूंना टाळीत गल्लीबोळांतून घर गाठतात. ही सहानुभूती की विजेत्याचा उत्कर्ष उठून दिसावा म्हणून रेखाटलेली काळी पार्श्वभूमी? बंडीच्या पद्धतीने उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकेल, आणि आठव्या ऑलिंपिक गीतापुरते ते बरोबरही आहे. पिथियन गीतात मात्र हे चित्र संपताच कवी विजेत्याच्या उमेदीकडे वळतो आणि लगेच मानवी सुखाच्या क्षणभंगुरतेवर येतो. मनुष्याचे अस्तित्वच छायेहून अधिक अस्थिर असल्याचे सांगतो. हा विचार केवळ पराभूतांविषयीचा नाही. विजेताही त्यात सामावतो. स्तुतीच्या व्याकरणात पराभूताला नाव देण्याची सोय नव्हती. पण त्याच व्याकरणात राहून पिंडाराने विजेत्याला पराभूताच्या शेजारी आणून बसविले. संकेत आहेत हे बंडीचे म्हणणे खरे, पण संकेत पाळतानाच त्यांच्या सीमेवर उभे राहणे हे कवीचे सामर्थ्य होय, एवढी दुरुस्ती त्यात आवश्यक आहे.

आधुनिक ऑलिंपिकने हे व्याकरण बदलले. १८९६ मध्ये अथेन्सला विजेत्यास रौप्यपदक मिळाले आणि दुसऱ्यासही पदक देण्यात आले. १९०४ पासून सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी तीन स्थाने रूढ झाली. पुकारीत आता एकाऐवजी तीन नावांना जागा झाली. काव्य मात्र ह्या बदलाबरोबर चालले असे दिसत नाही. १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये कलास्पर्धाही होत. १९१२ मध्ये स्टॉकहोमला साहित्याचे सुवर्णपदक क्रीडेला उद्देशून लिहिलेल्या एका स्तोत्राला मिळाले. दोन टोपणनावांखाली पाठविलेले ते स्तोत्र आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबेर्तां ह्यांचे होते. त्यात संबोधन आहे ते क्रीडा ह्या अमूर्त कल्पनेला. त्यात मल्ल नाही, पिता नाही, नगर नाही. पिंडाराचे चारही आधार गळून पडल्यामुळे स्तुती उरली, पण ती कोणाची हे उरले नाही. अमूर्त स्तुती ही कोणाचेच ऋण फेडीत नाही, हा ह्या रचनेतला खरा दोष आहे.

मराठी वाचकाला ह्या विवेचनाचा संबंध जवळच सापडेल. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिसरे आले. सुवर्णपदक जपानच्या इशीला मिळाले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या चरित्रकथनांत दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात : प्रवासखर्चासाठी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले ही एक, आणि परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ही दुसरी. श्रम, व्यय आणि विजेत्याची नगरप्रवेशाची मिरवणूक. पिंडाराच्या गीतातील सर्व सामग्री येथे आहे. फरक एवढाच की ऑलिंपियाच्या प्राचीन नियमाने तिसऱ्या क्रमांकाच्या ह्या मल्लाला गल्लीबोळातूनच घरी यावे लागले असते. आपल्याकडे पोवाड्याची परंपरा समर्थ होती. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यापासून वीराचे नाव, कूळ आणि स्थळ गाण्याची रीत शाहिरांनी जोपासली. परंतु पोवाडाही मुख्यतः जिंकणाऱ्याचाच. तिसऱ्या आलेल्याचे, सहाव्या आलेल्याचे स्तवन कसे करावे, ह्याचे संकेत आपल्या भाषेत अद्याप पुरते घडलेले नाहीत. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला सहावे आले होते. त्या क्रमांकाचा उल्लेख आपल्या लेखनात बहुधा १९५२ च्या प्रस्तावनेपुरता येतो.

सारांश, पिंडाराच्या विजयगीतांचे सामर्थ्य क्रीडेच्या वर्णनात नसून विजयाची मालकी ठरविण्यात आहे. हा विजय कोणाचा, कोणत्या पित्याचा, कोणत्या नगराचा, कोणाच्या श्रमाचा व कोणाच्या धनाचा, हे प्रश्न तो भालदाराच्या वाक्यातून उचलतो आणि त्यांची उत्तरे काव्यात देतो. त्याची मर्यादाही त्याच वाक्याची आहे : ज्याचे नाव पुकारले गेले नाही, त्याला तो पाहतो, पण त्याचे नाव घेत नाही. खेळाडूंविषयी लिहिणाऱ्या आजच्या लेखकाला त्याच्यापासून स्तुतीची अचूकता शिकता येईल. आणि त्याने जे नाव घेतले नाही ते घेणे हे आजच्या लेखकाचे काम आहे.