‘कासव’ : मन कुणाचं मोडतं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ आपल्या पोरांनी पाहावा आणि त्याच्याशी भांडावं. २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं म्हणून नव्हे. वेडा म्हणजे हसायचा नाहीतर कोंडायचा, हा पडद्यावरचा रिवाज त्यानं मोडला म्हणून. त्यातला मानव वेडा नाही, त्याला जगावंसंच वाटत नाही. जानकी त्याला घरी आणते, खोदून काही विचारत नाही. ‘उठ, मर्द हो’ असला उपदेश नाही. आलोक राजवाडेनं ते गप्प पडून राहणं, कुणी जवळ आलं की चिडणं नेमकं केलंय.

इथवर कबूल. पण बघा, मोडतं कोण? मानव. मोडून सावरलेली कोण? जानकी. ड्रायव्हर यदु आणि अनाथ परशू मात्र धडधाकट! किशोर कदमांचा यदु खरा वाटतो, पण त्याला रात्री झोप लागते का, हे कॅमेरा विचारत नाही. गरिबाला पोट असतं, मन नसतं, हा पांढरपेशी समज इथं मायेच्या आडून शिल्लक राहिलाय.

आमच्या गंगापूर तालुक्यातच वाळूजची एमआयडीसी. कंत्राटावर रात्रपाळी करणारं वस्तीतलं पोरगं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, डोस्कं जड पडलंय, अन्न गोड लागंना, पहाटं तीनलाच जाग येती. डॉक्टर सलाईन लावतो, आजी म्हणती बाहेरचं हाय. अरे, हीच तर लक्षणं! उदासी, कशातच रस न उरणं, झोप-भूक बिघडणं, थकवा, आपण नालायक आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. यातलं बरंचसं दोन आठवडे जवळजवळ रोज राहिलं तर ते नैराश्य असू शकतं. एकाएकी छाती धडधडून, घाम फुटून ‘आता मरतो’ वाटणं आणि काही मिनिटांत ओसरणं, हा भीतीचा झटका. हृदय तपासून घ्यावं, पण पुढं मनाकडंही बघावं. आणि दारूखाली किती उदासी गाडलेली असती, ते घरातल्या बायकांना विचारा.

आता आपल्याकडं वळू. आपल्या कवितेनं राग लिहिला, भूक लिहिली. बधिरपणा फार थोडा लिहिला. शिबिरात एखादा गप्प झाला की आपणच म्हणतो, ‘चळवळीतला माणूस असा रडका?’ दुसरं टोक म्हणजे सगळं व्यवस्थेमुळं, मग गोळी कशाला? रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. त्यांच्या मरणाला नुसता आजार म्हणणं म्हणजे जातीला मोकळं सोडणं. पण म्हणून जिवंत पोरानं व्यवस्था कोसळेपर्यंत जागंच राहायचं? क्षयही कोंदट खोपटात पसरतो. म्हणून आपण औषध नाकारतो का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क केलाय. जिवावर उठलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, असं तो कायदा सांगतो. १४४१६ वर मराठीत फुकट बोलता येतं. घाटीत मनोविकाराची ओपीडी आहे. गंगापूरहून तिथं जायचं तर दिवसाचा रोज बुडतो.

जानकीकडं समुद्रकाठी घर आहे, वेळ आहे. एसटीनं सोबत येऊन घाटीच्या रांगेत बसणारा माणूस ‘कासव’मध्ये नाही. तो आपल्यातूनच निघायचाय, आणि त्याचाही रोज बुडणार आहे.