आठ कलांचे शल्य : केप्लरच्या एका ग्रंथाचे वाचन

वैज्ञानिक शोधामागील मानवी प्रेरणेचा विचार निघाला की आपल्याकडे ‘जिज्ञासा’ हा शब्द पुढे केला जातो आणि बहुधा तो विचार तेथेच थांबतो. जाणण्याची इच्छा एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ही इच्छा कोणत्या क्षणी जागी होते आणि माणसाला वर्षानुवर्षे एकाच गणितास कशी जुंपून ठेवते, याचा उलगडा त्याने होत नाही. तो व्हावयाचा तर शास्त्रज्ञाचा ग्रंथ त्यातील निवेदनाकडे लक्ष देऊन, साहित्यकृती वाचावी तसा वाचला पाहिजे. योहानेस केप्लरचा १६०९ साली प्रसिद्ध झालेला ‘ॲस्ट्रोनोमिया नोव्हा’ हा लॅटिन ग्रंथ अशा वाचनास फार अनुकूल आहे. कारण आपण ज्या आडवाटांनी भरकटलो त्या वाटाही केप्लर वाचकास चालावयास लावतो.

१६०० साली केप्लर टायको ब्राहेच्या हाताखाली काम करू लागला आणि मंगळाच्या गतीचा प्रश्न त्याच्या वाट्यास आला. पुढल्याच वर्षी टायको वारला. सोळाव्या प्रकरणात, वर्तुळाकार कक्षा गृहीत धरून केलेले गणित आपणांस निदान सत्तर वेळा करावे लागले असे सांगून, कंटाळलेल्या वाचकाने आपलीच कीव करावी अशी विनवणी तो करतो. या खटाटोपाचे फळ उत्तम होते. प्रतियुतीच्या वेळची मंगळाची स्थाने सुमारे दोन कलांच्या आत जुळली. दुसरा कोणीही येथे समाधानाने लेखणी खाली ठेवता. केप्लरने मात्र तीच रचना मंगळाच्या शरावरून आणि अंतरांवरून पडताळून पाहिली, तेव्हा ती टिकली नाही; आणि अंतरे जुळावीत म्हणून केंद्र सरकविले, तर स्थानांत आठ कलांचा फरक पडू लागला.

आठ कला म्हणजे किती? पूर्णचंद्राचे बिंब सुमारे ३० कलांचे असते. त्याच्या चतुर्थांशाहून किंचित अधिक. टॉलेमीच्या निरीक्षणांत दहा कलांपर्यंतची चूक गृहीतच होती, तेव्हा हा फरक त्या काळी कोणाच्या डोळ्यांवरही आला नसता. परंतु ईश्वरकृपेने टायकोसारखा काटेकोर निरीक्षक आपणांस लाभला असता या आठ कला दृष्टिआड करणे योग्य नव्हे, अशी केप्लरची एकोणिसाव्या प्रकरणातील भूमिका आहे. ज्योतिषाच्या संपूर्ण पुनर्रचनेची वाट त्यांनीच दाखविली, असेही तो म्हणतो. या ठिकाणी आश्चर्यविमुग्धता नाही, आकाशाच्या भव्यतेचे वर्णन नाही. रुतलेल्या शल्यासारखी एक बारीकशी विसंगती आहे, आणि मिळालेल्या देणगीचे ऋण फेडण्याची जवळजवळ धार्मिक अशी जाणीव आहे. प्रस्तुत लेखकास ग्रंथाचे मर्म या दोहोंच्या संयोगात दिसते.

त्यानंतर अंडाकृती कक्षेचा दीर्घ वनवास येतो. १६०५ साली केप्लर लंबवर्तुळापर्यंत पोचला. त्या वळणावर ४२९ हा आकडा दोन निरनिराळ्या ठिकाणी त्याला अवचित भेटला, आणि आपण झोपेतून जागे झालो असे त्यास वाटले. आर्थर कोस्लरने १९५९ मध्ये आपल्या ग्रंथास ‘द स्लीपवॉकर्स’, म्हणजे झोपेत चालणारे, असे नाव दिले आणि त्यात केप्लरला मध्यवर्ती स्थान दिले. नाव आकर्षक आहे. पण झोपेत चालणारा मनुष्य आपल्या मार्गाची सत्तर वेळा मोजणी करीत नाही.

कोस्लरपेक्षा अवघड आक्षेप अलीकडचा आहे. या प्रांजळ निवेदनावर भरवसा ठेवावा काय? टायकोचा जावई टेंगनागेल याचा विरोध केप्लरला सोसावा लागला होता, आणि टायकोशी मतभेद दाखविण्याच्या केप्लरच्या मोकळीकीविषयी वाचकास सावध करणारी टेंगनागेलची छोटी प्रस्तावनाही ग्रंथास जोडलेली आहे. अशा परिस्थितीत चुकांची ही कहाणी अविश्वासू वाचकाचे मन वळविण्यासाठी विचारपूर्वक रचलेली आहे, असे जेम्स व्होएल्केल यांनी २००१ मध्ये प्रतिपादिले. त्याआधी १९८८ मध्ये विल्यम डॉनह्यू यांनी दाखवून दिले की, त्रेपन्नाव्या प्रकरणात निरीक्षणांतून स्वतंत्रपणे निघाल्यासारखी मांडलेली मंगळाची अंतरे वस्तुतः सिद्धान्तावरूनच काढलेली आहेत.

हे दूषण लहान नव्हे, आणि केप्लरवरील प्रेमापोटी ते झाकू नये. ज्याला आठ कला खुपल्या त्यानेच येथे पुराव्याला आपल्या निष्कर्षाचा पोशाख चढविला. तथापि निवेदन रचलेले आहे एवढ्यावरून त्यामागील प्रेरणा खोटी ठरत नाही. आत्मचरित्रांच्या अभ्यासकांस हे नव्याने सांगावयास नको. उलट, जुळवून घेण्याची तीव्र ओढ एकाच माणसाला एके ठिकाणी निष्ठुर परीक्षक आणि दुसऱ्या ठिकाणी उतावळा साक्षीदार कशी बनविते, हे या दोन प्रकरणांच्या शेजारी ठेवून केलेल्या वाचनात स्पष्ट दिसते. निव्वळ जिज्ञासेच्या कल्पनेत या दुसऱ्या केप्लरला जागाच नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीचे आपले पहिले पुस्तक केप्लरने १६२१ मध्ये पुन्हा छापले, तेव्हा मूळ मजकुरास हात न लावता टिपा देऊन त्याने तरुणपणीच्या चुका दाखविल्या. ग्रहांची अंतरे पाच सुसम घनाकृतींवरून ठरतात, ही त्या पुस्तकातील मूळ कल्पना मात्र त्याने तेव्हाही सोडली नाही.