सासऱ्याचे चरित्र, शत्रूचे भाषण

रोमन शहाणपण म्हटले की आपल्यापुढे सुविचारांचे संग्रह येतात. मार्कस ऑरेलियसचे एक वाक्य, सेनेकाचे दुसरे. अशा वाक्यांत धैर्य फार स्वस्त होऊन बसते. त्याची खरी किंमत पाहायची तर टॅसिटसचे ‘ॲग्रिकोला’ वाचावे. इ. स. 98 च्या सुमारास लिहिलेले हे छोटेखानी चरित्र त्याच्या सासऱ्याचे, म्हणजे ब्रिटनचा सुभेदार असलेल्या एका सेनानीचे आहे.

वरवर पाहता हा कसीदाच. सासरा शूर, कष्टाळू. धान्यवसुलीतली लबाडी बंद करणारा. (आपल्याकडचे गौरवग्रंथ इथेच संपतात.) पण शेवटच्या मोठ्या लढाईआधी टॅसिटस शत्रूला, कॅल्गॅकस नावाच्या सरदाराला, बोलू देतो. रोमची हाव, रोमचा जुलूम आणि रोमन ज्याला शांतता म्हणतात ती, या सगळ्यांवर हा माणूस तुटून पडतो. भाषणे रचून पात्रांच्या तोंडी घालण्याची त्या काळच्या इतिहासकारांची रीतच होती. तेव्हा हे शब्द टॅसिटसचेच. उत्तरादाखल ॲग्रिकोलाचेही भाषण आहे. ते नीटनेटके आहे, पण लक्षात राहत नाही.

याहून बोचरी जागा पुढे नव्हे, आधीच येऊन गेलेली असते. ॲग्रिकोला ब्रिटनमध्ये मंदिरे, चौक, घरे उभारायला उत्तेजन देतो, सरदारांच्या मुलांना शिकवतो. हमामखाने आणि मेजवान्याही येतात. तिथले लोक याला सुसंस्कृतपणा समजले, प्रत्यक्षात तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता, असे जावई थंडपणे नोंदवतो. सासऱ्याच्या सर्वांत चांगल्या कामाबद्दल!

उत्तरार्धात युद्ध सरते आणि खरी कसोटी सुरू होते. बादशाह डोमिशियन (81–96) विजयी सेनापतीवर जळतो. ॲग्रिकोला रात्रीच्या अंधारात रोममध्ये शिरतो, कोरडे स्वागत स्वीकारतो, दरबारी गर्दीत मिसळून जातो. पुढे मोठी सुभेदारीही नाकारतो. 93 मध्ये त्याचा मृत्यू झाला. टॅसिटसचे म्हणणे असे, की वाईट राजवटीतही माणूस थोर राहू शकतो. दिखाऊ मरण पत्करणाऱ्यांनी राज्याचे काही भले केले नाही.

मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याविरुद्धचा पुरावा याच पुस्तकात आहे. आरंभीच रस्टिकस आणि सेनेसिओ यांची आठवण येते. त्यांनी राजवटीला नको असलेल्या माणसांची चरित्रे लिहिली. त्यांना ठार केले गेले, पुस्तके भर चौकात जाळली गेली. टॅसिटसही चरित्रच लिहितो, पण जालीम गेल्यावर. त्याच जालिमाच्या काळात, 88 साली, तो स्वतः प्रीटरच्या पदावर होता. सासऱ्याच्या संयमाची वकिली करताना तो थोडी स्वतःचीही करतो.

तरी पुस्तक खोटे पडत नाही. अखेरीस हेल्विडियसला तुरुंगात नेल्याचा उल्लेख येतो. हे कोणी केले हे सांगताना टॅसिटस बादशाहाकडे किंवा शिपायांकडे बोट दाखवत नाही. हात आमचे होते, असे लिहितो.